पाव आटा

‘पाव आटा’ हे दोन शब्द आमच्या घरात जपून उच्चारावे लागतात. मागे एकदा जेवता जेवता मी सहज म्हणालो, “सगळा प्रश्न पाव आट्याचा आहे.” त्यावर आमची ही म्हणाली, “पाव हवा तर आणा, आटा कशाला? चांगले गहू पडलेत घरात.” आता हिला कसं सांगावं, की हा पाव बेकरीतला नाही आणि आटा गिरणीतला नाही! स्क्रू-ड्रायव्हरनं दिलेला एक चतुर्थांश फेरा म्हणजे पाव आटा. मनगट जरा वळवलं की संपलं. वेळ अर्धा सेकंद. पण त्या अर्ध्या सेकंदात माणूस नीतीच्या अलीकडे राहतो की पलीकडे जातो, याचा विचार करण्यात माझे किती शनिवार गेले ते मलाच ठाऊक. (शनिवार म्हणजे महिन्यातला दुसरा आणि चौथा. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना हे दोन शनिवार सुटी असते. बाकीच्या शनिवारी नीतीचा विचार करण्याबद्दल बँक पगार देत नाही.)

हा पाव आटा मला शिकवला माझ्या धाकट्या मेहुण्यानं. तो आपोआप उघडणारी फाटकं दुरुस्त करतो. हा धंदा ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. फाटक ही काय दुरुस्त करायची वस्तू आहे? बिजागरीला तेल घातलं, कडी ठोकून बसवली, की झालं. पण आमच्या अलिबाग तालुक्यात परिस्थिती बदलली आहे. आवास, सासवणे, किहीम, झिराड या बाजूला मुंबईकरांचे बंगले आहेत. बंगला झाडीत कुठंतरी मागे असतो, पुढे एकर-दोन एकर वाडी असते आणि रस्त्याला लागून असतं ते फाटक. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मुंबईची मोटार बोटीत बसून येते, मांडव्याला उतरते आणि फाटकापाशी येऊन उभी राहते. आतला माणूस मोटारीतून उतरत नाही. तो रिमोट दाबतो आणि पाचशे किलोचं लोखंड बाजूला सरकतं.

पूर्वी कोकणातल्या वाडीला बेडं असायचं. जांभ्या दगडाचे दोन खांब, त्यांना भोकं, आणि भोकांतून आडवे घातलेले वासे. वासे सरकवायचे, आत जायचं, वासे परत लावायचे. या यंत्राला वीज लागत नसे, पण संस्कार लागत. ‘बेडं लावलंस का रे?’ हा प्रश्न ज्याला लहानपणी कुणी विचारला नाही तो कोकणातला नव्हे. गाय आत शिरली तर शेवटचा बाहेर गेलेला माणूस गुन्हेगार. चौकशी समिती वगैरे काही नाही. आता गाय आत शिरली तर दोष मोटरीचा, बोर्डाचा, लिमिट स्विचचा किंवा महावितरणचा. माणूस सुटला! सुधारणा म्हणतात ती हीच असावी.

माझं काम टॉर्च धरण्याचं. बी.कॉम. झालेल्या माणसाला त्या ठिकाणी याहून मोठी जबाबदारी देता येत नाही, असं मेहुण्याचं मत आहे. तो आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. “भावोजी, टॉर्च हलवू नका,” एवढं एकच वाक्य तो मला वारंवार बोलतो. पण टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या माणसाला फार दिसतं. कंट्रोल बोर्डाच्या डबीत पाल शिरून दोन तारांना एकाच वेळी चिकटलेली मी पाहिली आहे. त्या डबीत मुंग्या जे शहर वसवतात त्याला नगररचना खात्याची मंजुरी सहज मिळेल. समोरासमोरच्या दोन खांबांवर गुडघ्याच्या उंचीला बसवलेले ‘डोळे’ असतात. एका डोळ्यातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो झेलतो, आणि मध्ये कुणी आलं की फाटक थांबून मागे फिरतं. या डोळ्यांवर कोळी जाळं विणतो. श्रावणात गवत वाढतं, वाऱ्यानं पातं किरणात डोलतं, आणि पाचशे किलोचं फाटक एका गवताच्या पात्याला मान देऊन मागे सरतं. हे दृश्य मला फार आवडतं. मालकांना आवडत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. त्या दिवसांत मेहुण्याला लोकांनी इतकी बोलावणी केली की लग्नसराईत भटजींना तेवढी येत नाहीत. बहुतेक ठिकाणी काम एकच होतं. मोटरीच्या पोटात एक किल्ली लावायची जागा असते. ती फिरवली की मोटरीचं दातेरी चाक सुटं होतं आणि फाटक हातानं ढकलता येतं. किल्ली फाटक बसवतानाच मालकाला देतात. मालक ती इतकी जपून ठेवतो की ती मुंबईच्या घरी कपाटात राहते आणि तो अलिबागला फाटकाबाहेर.

या किल्लीवरच त्याची सगळी विद्या उभी आहे. कुठल्याही फाटकापाशी गेला की तो आधी मोटरीकडे बघतसुद्धा नाही. किल्ली फिरवतो आणि फाटक एका हातानं ढकलून पाहतो. अल्लद गेलं, तर दोष विजेचा. अडलं, तर मोटर निर्दोष. “जे गेट हाताला जड, ते मोटरीलापण जड,” तो म्हणतो. चाकांचे बेअरिंग गंजलेले असतात, रुळात खडी बसलेली असते, नाहीतर चार पावसाळ्यांत एक खांब बोटभर खचलेला असतो. मोटरीला जड लागलं की बोर्डाला वाटतं, मध्ये कुणीतरी सापडलंय. तो बिचारा फाटक मागे घेतो. मालक ओरडतो, ‘गेट अर्ध्यातून परत जातंय!’

आणि इथं येतो पाव आटा.

बोर्डावर एक लहानसं बटण असतं, त्यावर खाच. मोटरीनं किती जोर लावून पाहायचा आणि मगच हार मानायची, ते त्यावर ठरतं. त्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून पाव आटा पुढे दिला, की मोटर जास्त रेटते. गंजलेलं चाक असो, रुळातली खडी असो, फाटक धडाधड बंद होतं. मालक खूश. पाचशे रुपये हातावर. चाकं बदलायची, रूळ उचलून सरळ करायचा, तर दोन दिवस जातात, बिल काही हजारांत जातं आणि मालकाला शेवटी दिसतं तेवढंच, की फाटक बंद झालं. दोन्ही कामांनी फाटक बंदच होतं! फरक एवढाच, की पाव आट्यानंतर मध्ये खडीऐवजी दुसरं काही आलं, तरी मोटर तितक्याच निष्ठेनं रेटणार.

आम्हाला कॉमर्सला ‘संभाव्य देणी’ नावाचं एक प्रकरण होतं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतात, मॅनेजर हसतात, ऑडिटर चहा पितात. पण खाली बारीक अक्षरात एक टीप असते. कुणासाठी दिलेली हमी, कोर्टातला दावा, असं काहीबाही. आज देणं नाही. कदाचित कधीच नाही. पण उद्या अमुक घडलं तर आहे. टीप कुणी वाचत नाही म्हणून ती वगळली तर ताळेबंद खोटा ठरतो, जरी त्यातला प्रत्येक आकडा खरा असला तरी. पाव आटा देऊन चालू केलेलं फाटक हा मला असाच ताळेबंद वाटतो. सगळं जुळलंय, फक्त टीप खोडली आहे. आणि ती खोडणाऱ्याची सही कुठंच नाही. आमच्या बँकेत दहा रुपयांची चूक दुरुस्त करायची तर एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासायची. तिजोरी उघडायला दोन माणसांच्या खिशातल्या दोन किल्ल्या लागतात. आणि पाचशे किलोच्या लोखंडाला किती जोर द्यायचा, ते एक माणूस, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक घाईत असलेला शेठ मिळून ठरवतात!

ही टीप कधीकधी वाचावी लागते. ब्रिटनमध्ये २०१० साली, आठ दिवसांच्या आत, दोन वेगवेगळ्या गावांत दोन लहान मुली आपोआप चालणाऱ्या फाटकात सापडून मेल्या. एक सहा वर्षांची, दुसरी पाच. दुसऱ्या प्रकरणात २०१४ साली कोर्टानं दंड केला तो फाटक बसवणाऱ्या कंपनीला आणि देखभाल करणाऱ्या कंपनीलाही. युरोपात या गोष्टीचं माप ठरलेलं आहे. बंद होत आलेल्या फाटकाच्या फटीत काही सापडलं तर दाब ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि तेवढा दाबसुद्धा पाऊण सेकंदाच्या आत उतरला पाहिजे. ४०० न्यूटन म्हणजे साधारण चाळीस किलो वजन अंगावर पडावं तसं. मेहुण्याला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो स्क्रू-ड्रायव्हर पुसत होता. “पाऊण सेकंद,” एवढंच तो म्हणाला, आणि त्या दिवशी टॉर्च हलला तरी मला काही बोलला नाही.

आमच्या जिल्ह्यातली फाटकाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट रायगडावरची. दूध विकायला गेलेली हिरकणी, सांज झाल्यावर बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं मूल, आणि कडा उतरून गेलेली आई. कथा असं सांगते, की महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. तिच्या नावाचा बुरूज म्हणजे तिचा मानही झाला आणि ती फटही बुजली! राज्यकर्ता असावा तर असा. मला मात्र शाळेपासून त्या पहारेकऱ्यांबद्दल वाटत आलं आहे. काउंटरची वेळ संपल्यावर समोर उभ्या राहिलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ म्हणावं लागतं, तेव्हा मी त्याच जातीचा. पण पहारेकऱ्यांनी तिचं बोलणं ऐकून तरी घेतलं असेल. नाही म्हणायलासुद्धा कान लागतात. डोळे काढून घेतलेल्या आणि जोर वाढवलेल्या फाटकाला कुणी काय सांगावं?

डोळे काढून घेतात हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. धंद्यात त्याला ‘लूप मारणे’ म्हणतात. डोळ्यांच्या तारा सोडायच्या आणि बोर्डावर त्या जागी दोन इंच वायरचा तुकडा जोडून द्यायचा. बोर्डाला कायम वाटतं, वाट मोकळी आहे. मग गवत डोलो, कोळी विणो, कुत्रं बसो, फाटक थांबत नाही.

असाच एक तुकडा मेहुण्याला गेल्या जूनमध्ये एका बंगल्यावर सापडला. बंगल्याचा पत्ता सांगत नाही, कारण शेठ मराठी वाचत नसले तरी त्यांचे वकील वाचत असतील. तक्रार नेहमीची, गेट अर्ध्यातून परत जातंय. शेठनी स्वतःच औषध सुचवलं, “मागच्या वेळच्या माणसानं काहीतरी जरासं फिरवलं होतं, तसं फिरव.” मेहुण्यानं फिरवलं नाही. दोन दिवस खपून बेअरिंग बदलले, रूळ साफ केला आणि जाता जाता तो वायरचा तुकडा काढून डोळे परत जोडले. फाटक एका बोटानं ढकललं तरी सरकू लागलं. शेठनी कुरकुरत का होईना, पैसे दिले.

आठवड्यानं फोन. शेठचं मराठी हिंदीच्या आधारानं उभं असतं, ते सरळ करून देतो. “अरे, तू यायच्या आधी गेट निदान थांबत तरी नव्हतं, सारखं परत फिरत का असेना. आता कुत्रं बसलं तरी थांबतं, पाऊस तिरपा आला तरी थांबतं. तू हे दुरुस्त केलंस की बिघडवलंस?”

हा प्रश्न मला वाटतो तितका अडाणी नाही. आपण पंखा दुरुस्त झाला म्हणतो तेव्हा तो फिरायला लागलेला असतो. घड्याळ दुरुस्त झालं म्हणजे चालायला लागलं. न थांबता चालणं म्हणजे नीट असणं, हे आपण लहानपणापासून धरून चाललो आहोत. अशा माणसाला, थांबतंय म्हणून नीट आहे, हे कसं पटवायचं? त्यातून पैसे त्याचे, फाटक त्याचं, वाडी त्याची. न्हाव्याला गिऱ्हाईक म्हणालं मिशी काढ, तर न्हावी काढतो. मिशीच्या मालकाशी वाद घालत नाही. पण मिशी काढल्यानं शेजाऱ्याला इजा होत नाही, इथंच न्हावी सुटतो आणि मेहुणा अडकतो. फाटकाला पैसे देणारा मोटारीत बसलेला असतो. फटीत सापडू शकणारा मोटारीत नसतो.

इथं तो होताही. फाटकामागच्या खोलीत माळी, त्याची बायको आणि पाच वर्षांचा मुलगा राहतो. डोळे परत जोडल्यापासून त्या पोराला एक खेळ सापडला होता. फाटक बंद व्हायला लागलं की तो धावत येऊन मध्ये उभा राही आणि हात वर करून म्हणे, “थांब!” फाटक थांबे. मागे जाई. गावात बाकी कुणीच त्याचं ऐकत नसावं, त्यामुळे या आज्ञाधारक लोखंडावर त्याचा फार जीव होता. मी स्वतः पाहिलं, हवालदाराच्या थाटात उभा होता.

मेहुण्यानं लूप मारायला नकार दिला. “शेठ, गवत काढायला सांगतो, डोळ्यांवर पत्र्याची टोपी बसवतो, पण वायर टाकणार नाही.” शेठनी दुसरा माणूस बोलावला. त्यानं दहा मिनिटांत वायर टाकली, वर पाव आटा दिला, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर मेहुण्याला ते सांगितलंसुद्धा. या धंद्यात स्पर्धा आहे, पण टपरी एकच आहे.

म्हणजे हिशेब काय झाला? नकार देऊन गिऱ्हाईक गेलं. पाचशे रुपये दुसऱ्याला मिळाले. फाटक जसं व्हायचं होतं तसंच झालं. मी त्या रात्री मेहुण्याला म्हणालो, की तुझ्या नकारानं जगात एका इंचाचाही फरक पडला नाही, मग तो देऊन काय मिळवलंस? माझ्या नावानं खोटी नोंद झाली नाही एवढंच जर समाधान असेल, तर ते आमच्या ऑडिटमधल्या शेऱ्यासारखं झालं. शेरा मारणाऱ्याची फाइल स्वच्छ, बुडालेलं कर्ज बुडालेलंच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “भावोजी, फरक पडला ना. वाईट फरक पडला. मी डोळे जोडले नसते तर पोरगं मध्ये उभं राहायला शिकलं नसतं. आता त्याला वाटतं, गेट ऐकतं.”

मला यावर उत्तर सुचलं नाही. चांगलं काम अर्धवट राहिलं तर वाईट कामाहून धोक्याचं ठरतं, हे आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो स्कूटर काढून गेला. शेठ मुंबईला होते. माळ्याच्या बायकोला त्यानं पोराला जवळ धरून उभं राहायला सांगितलं, एक रिकामं खोकं फटीत ठेवलं आणि फाटक चालू केलं. खोक्याचं काय झालं ते तिनं पाहिलं. मग त्यानं स्वतःजवळची त्या बनावटीची किल्ली तिच्या हातावर ठेवली, कुठं लावायची, कशी फिरवायची ते दाखवलं. किल्ली फिरवल्यावर फाटक तिनं एका हातानं सरकवलं. बेअरिंग नवे होते ना! त्याचे पैसे शेठनीच दिले होते.

तेव्हापासून त्या बंगल्यावर रिमोट दाबलं की मोटर घूंऽऽ करून फिरते, फाटक जागचं हलत नाही. मग माळी येतो, हातानं सरकवतो आणि मोटार आत गेली की परत लावतो. अगदी बेड्यासारखं. शेठनी त्या दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं डबी उघडली, किल्ली फिरवलेली पाहिली, माळ्याच्या बायकोकडे पाहिलं, तिच्या पदराआडून डोकावणाऱ्या हवालदाराकडे पाहिलं, डबी लावली आणि सांगितलं, “शेठ, आतला पिनियन गेला. इटलीहून मागवावा लागेल.” (मोटर इटलीचीच आहे, तेवढं खरं.) शेठना संशय आला. त्यांनी मेहुण्याला फोन केला, मी शेजारीच होतो. “पिनियन खरंच गेलाय का रे?” मेहुणा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “त्यानं उघडून बघितलंय, शेठ. तो म्हणतो म्हणजे असेल.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. पाव आटा न देणारा माणूस हा! धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो एका अर्ध्या वाक्यानं खाली आला असं महाभारतात आहे. मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, “माझी स्कूटर आहे, भावोजी. तिची चाकं खालीच असतात.” आणि मग मलाच विचारलं, की तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं? मी म्हटलं, विचार करून सांगतो. पुढचा शनिवार तिसरा होता, त्यामुळे विचार राहिला. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही किहीमला एका फाटकात अडकलेली घोरपड सोडवत होतो.

शेठ दर पंधरा दिवसांनी विचारतात. पिनियन अजून बोटीवर आहे.